त्या एका तासात काय दिसतं, ते बघा

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बावीस महिन्यांची. नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं, त्यामुळे घर चालतं ते हिच्या पगारावर. ती कामावर असते तेव्हा मुलगी शेजारच्या काकूंकडे राहते. काकूंकडे आणखी चार मुलं असतात. माया भरपूर, पण टीव्ही दिवसभर चालू. थोड्या अंतरावर एक मोठं पाळणाघर आहे. रंगवलेल्या भिंती, गणवेश, आणि दोन वर्षांच्या मुलांनाही अक्षरं-आकडे गिरवायला देतात. तिथली फी भरायची तर रोज जादा पाळी करावी लागेल, म्हणजे मुलगी झोपल्यावरच घरी पोचणं होईल. सासूबाईंचं म्हणणं, तीन वर्षं नोकरीच सोड. त्यात एका नातेवाइकांनी ऐकवलं, "गरिबाची मुलं शाळेत मागेच पडतात. पहिली तीन वर्षं हातची गेली की संपलं." पत्राच्या शेवटी ती लिहिते: "मी आठवीपर्यंत शिकलेली. माझ्याकडून तिला काय मिळणार? मी काय करू?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पाळणाघराचा प्रश्न दिसला. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की जवळजवळ प्रत्येक ओळीत तुम्ही स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. नोकरी करता म्हणून दोषी, पगार पुरत नाही म्हणून दोषी, शिक्षण कमी म्हणून दोषी. अशा मनानं घेतलेला निर्णय बहुतेक वेळा भीतीचा असतो. म्हणून आधी त्या नातेवाइकांच्या वाक्याकडे वळते.

त्यात काही खरं आहे, ते नाकारून तुम्हाला धीर देणार नाही. कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं सरासरीनं पाहिली तर शाळेत पाऊल ठेवतानाच शब्दांत आणि आकड्यांच्या समजेत थोडी मागे असतात, आणि पुढे हे अंतर आपोआप भरून येत नाही. पण 'मागेच' या शब्दातला तो 'च' चुकीचा आहे, आणि हे मी मनाचं समाधान म्हणून सांगत नाही.

अमेरिकेत १९९१ मध्ये दहा ठिकाणच्या १,३००हून जास्त नवजात बाळांची नोंद करून एक मोठा अभ्यास सुरू झाला. ही मुलं जिथे जिथे सांभाळली जात होती तिथे निरीक्षक स्वतः गेले. कुणी आजीकडे होतं, कुणी शेजारणीकडे, कुणी पाळणाघरात. मुलं सहा महिन्यांची असल्यापासून साडेचार वर्षांची होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा जाऊन बसले आणि टिपत राहिले. एरिक डिअरिंग, कॅथलीन मॅकार्टनी आणि बेक टेलर या तीन संशोधकांनी याच मुलांचं पुढचं वाचन आणि गणित तपासलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडला. ज्या मुलांना लहानपणी चांगल्या दर्जाची काळजी मिळाली होती, त्यांच्या बाबतीत घरच्या गरिबीचा आणि शाळेतल्या मागे पडण्याचा संबंध बराच सैल झाला होता. ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांच्या बाबतीत तो घट्टच राहिला. चांगली काळजी मिळालेली मुलं शाळेत जातानाच जास्त तयार होती, आणि ती तयारी पुढे उपयोगी पडत गेली.

तुम्ही म्हणाल, जे आईवडील चांगली जागा शोधतात ते मुळातच वेगळे असणार. शंका रास्त आहे, आणि ती संशोधकांनाही आली होती. घरातले फरक हिशेबात धरल्यावर चांगल्या काळजीचा परिणाम उरतो का, हे त्यांनी तपासलं. तो उरला.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न. त्या निरीक्षकांनी 'चांगल्या दर्जाची' कशाला म्हटलं? भिंतींच्या रंगाला नाही आणि गणवेशालाही नाही. ते सांभाळणाऱ्या माणसाकडे बघत होते. मूल काही बोललं, हुंदका दिला, बोट दाखवलं, की ही व्यक्ती लक्ष देते का? उत्तर देते का? आवाजात ऊब आहे का? मुलाशी बोलते का, की फक्त हुकूम सोडते? मुलाला काही शोधायला, उलगडायला देते का? तुमच्या काकू आणि ते मोठं पाळणाघर, दोघांनाही याच मापानं मोजायचं. आणि हे माप तुमच्याकडेही आहे, त्यासाठी पदवी लागत नाही.

मला अजून एक सकाळ आठवते. एका नावाजलेल्या पाळणाघरात मी दोन तास बसले होते. उंच फळीवर सुंदर लाकडी खेळणी मांडलेली होती आणि खाली मुलं भिंतीला टेकून ओळीत बसलेली. सगळं शांत. पालकांना ती शांतता फार आवडत असे. त्या दोन तासांत एकाही मुलाला मोठ्या माणसाकडून प्रश्न विचारला गेला नाही आणि एकाही मुलाने विचारला नाही. तेव्हापासून लहान मुलांच्या जागेतली शांतता मला घाबरवते.

अक्षरं लवकर गिरवली की मूल शाळेत पुढे जाईल, हे तुमच्या पत्रातलं दुसरं गृहीत. त्याबद्दल सावध करावंसं वाटतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात गरीब घरांतल्या मुलांसाठी सरकारी पूर्वप्राथमिक वर्ग होते. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले, आणि त्यामुळे तुलना अगदी स्वच्छ झाली. सुमारे ३,००० मुलांचा माग काढून २०२२ मध्ये जे छापून आलं ते धक्कादायक होतं. सुरुवातीला वर्गात गेलेली मुलं पुढे होती, पण सहावीपर्यंत त्यांचे गुण न गेलेल्या मुलांपेक्षा कमी होते आणि शिस्तभंगाच्या नोंदी जास्त. अभ्यास करणाऱ्यांपैकी डेल फॅरन यांनी नंतर जी शंका बोलून दाखवली ती पालकांनी ऐकण्यासारखी आहे: मुलांना एकत्र बसवून शिकवणं फार, कडक शिस्त फार, आणि मोकळा खेळ व खरं संभाषण फार थोडं. ही एकाच राज्यातली गोष्ट आहे, त्यावरून सगळ्या बालवर्गांना वाईट ठरवू नये. पण पाटी, वही आणि बसवून ठेवणं यांना दर्जा समजायचं नाही, एवढं मात्र त्यातून घ्यावं. दोन वर्षांच्या मुलीची बोटं अजून पेन्सिलीनं अक्षरं गिरवण्याइतकी तयार झालेली नसतात. तिची शाळेची तयारी शब्द कानावर पडण्यात, स्वतः बोलण्यात, रचण्या-पाडण्यात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्यात होत असते.

तिसरं गृहीत तीन वर्षांचं. पहिली तीन वर्षं मोलाची आहेत, यात वाद नाही. मेंदू या काळात फार वेगानं घडतो. पण तिसरा वाढदिवस झाला की दार बंद, असं कुठल्याही गंभीर अभ्यासाने म्हटलेलं नाही. मिशिगनमधल्या यप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूलचा जो प्रयोग झाला, त्यात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलं होती. त्यातली ५८ मुलं तीन-चार वर्षांची असताना रोज सकाळी फक्त अडीच तास बालवर्गात जात, आणि शिक्षिका आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या घरी जाऊन आईसोबत बसत. या मुलांची बुद्ध्यांकातली आघाडी शाळा सुरू झाल्यावर काही वर्षांतच ओसरली. तेव्हा बऱ्याच लोकांनी प्रयोग वाया गेला असं मानलं. पण मुलं मोठी झाली तेव्हा दिसलं की त्यांच्यातली जास्त जणं शालेय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली होती, आणि चाळिशीत त्यांची कमाई जास्त व अटका कमी होत्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या अॅबेसिडेरियन प्रकल्पात मात्र १९७२ पासून बाळांना तान्हेपणीच घेऊन पाच वर्षांपर्यंत दिवसभर सांभाळलं गेलं. तिथे एकविसाव्या वर्षापर्यंत चार वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणाला लागलेल्यांचं प्रमाण ३६ टक्के होतं, आणि ज्यांना ही काळजी मिळाली नव्हती त्यांच्यात १४ टक्के.

हे दोन्ही प्रयोग लहान होते, आणि तिथली काळजी फार वरच्या दर्जाची होती. नेहमीच्या पाळणाघरातून एवढाच परिणाम निघेल असं मी म्हणणार नाही. चांगल्या काळजीनं पारडं तुमच्या मुलीच्या बाजूला थोडं झुकतं, आणि ती जितका काळ टिकेल तितकं झुकलेलं राहण्याची आशा धरता येते. पण पेरीतल्या मुलांची सुरुवात तिसऱ्या वर्षानंतर झाली आणि तीही अर्ध्या दिवसानं, हे मुद्दाम लक्षात ठेवा. तुमच्या निर्णयात त्याचा उपयोग आहे.

आणि आता तुमची आठवी.

जमैकात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टनमधल्या गरीब वस्त्यांतली १२९ मुलं निवडली. वयं ९ ते २४ महिने, म्हणजे तुमच्या मुलीएवढी किंवा तिच्यापेक्षा लहान, आणि कुपोषणानं वाढ खुंटलेली. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्यातून एक तास, वस्तीतली आरोग्यसेविका जायची. ती आईला मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून केलेली आणि चित्रांची साधी पुस्तकं. वीस वर्षांनी पाहिलं तर या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी कुणी गेलं नव्हतं त्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. त्या आयांकडे पदव्या नव्हत्या. एक तास बाहेरचं कुणी येत होतं, बाकीचा सगळा आठवडा आई आणि मूल.

वर ज्या १९९१ च्या अभ्यासाबद्दल लिहिलं, त्यातही हेच पुन्हा पुन्हा पुढे आलं की पाळणाघरापेक्षा घरातल्या नात्याचा मुलाच्या वाढीवर जास्त प्रभाव पडतो. त्यामुळे "माझ्याकडून काय मिळणार" हा प्रश्न तुम्ही खोडून टाकावा अशी माझी मनापासून विनंती आहे. मुलगी "भू" म्हणाली आणि तुम्ही "हो, भूभू बसलाय, बघ शेपटी हलवतोय" म्हणालात, तर त्या क्षणी तुम्ही तेच करत आहात ज्याची नोंद करायला ते निरीक्षक वही घेऊन बसत होते.

इतकं लक्षात घेतलं की तुमच्यापुढचे तीन रस्ते वेगळे दिसू लागतात.

नोकरी सोडण्याबद्दल सासूबाई बोलतात ते नातीच्या काळजीनंच. पण तुमच्या घरात तो पगार गेला तर काय उरतं, हे त्यांच्याशी कागदावर आकडे मांडून बोला. पैशांची ओढाताण मुलापर्यंत पोचतेच: आईच्या चिडचिडीतून, आजारपणात लांबणीवर पडलेल्या उपचारातून, सारख्या बदलाव्या लागणाऱ्या खोल्यांतून. आई कामाला जाते एवढ्यानं मूल मागे पडत नाही. ज्या घरात दुसरा भक्कम पगार आहे तिथे हा निर्णय वेगळा निघू शकतो. तुमच्या घरात नाही, असं मला वाटतं.

जादा पाळीचा रस्ता मला सगळ्यात जास्त खटकतो. तुम्ही जे विकून ती फी भरणार आहात ते म्हणजे संध्याकाळचे दोन तास, आणि तिच्या दिवसातले बहुधा तेच सगळ्यात मोलाचे आहेत. बदल्यात मिळतोय गणवेश आणि गिरवण्याची वही. ते पाळणाघर त्या मापावर खरोखर उत्तम निघालं तर विचार करा, पण तेव्हाही आधी विचारा की अर्धा दिवस घेतात का.

राहिल्या काकू. त्यांना नाकारण्याआधी आणि त्यांच्यावर निर्धास्त विसंबण्याआधीही, एक सुट्टी काढा आणि दोन्ही जागी तासभर बसा. आधी वेळ ठरवून नको. सकाळी दहा-साडेदहाला जा, कारण पोचवण्याच्या आणि नेण्याच्या वेळी प्रत्येक जागा बरी दिसते. मोठ्या पाळणाघरानं आत बसू दिलं नाही तर तेही एक उत्तरच झालं.

बसलात की आधी सुरक्षेची बाजू डोळ्यांखालून घाला: शेगडी, पाण्याची बादली, औषधं, दार, जिना. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण यात काही चुकलं असेल तर बाकी माया कितीही असो, तिथे ठेवू नका. मग मुलं मोजा. दीड ते तीन वर्षांच्या चार मुलांमागे एक माणूस आणि तीन वर्षं पूर्ण झालेल्या सात मुलांमागे एक, असं प्रमाण बालतज्ज्ञ सुचवतात. काकूंकडे पाच मुलं आहेत. ती सगळी तान्ही असतील तर एका बाईला जड आहे. दोघं-तिघं चार वर्षांचे असतील तर चालून जाईल. मोठ्या पाळणाघरातही "एकूण किती ताया आहेत" असं विचारू नका. "माझ्या मुलीच्या खोलीत कितीजणी, आणि जेवणाच्या सुट्टीत कितीजणी" असं विचारा.

उरलेला वेळ फक्त ऐका. मूल रडल्यावर कोणी किती वेळात उठतं? लांबून "गप्प बस" येतं, की कुणी जवळ जाऊन खाली बसतं? लंगोट बदलताना बाई मुलाशी बोलते का, की सामान उचलावं तसं उचलून ठेवते? "हे काय आहे?" एवढ्यावर थांबतात, की "आता काय होईल?", "तो का पळाला?" असंही कुणी विचारतं? मुलाचं अर्धवट वाक्य पुरं करून त्याला परत देतं का? मुलं स्वतः किती बोलतात? तासाभरात दोन-चार अशी देवाणघेवाण कानावर आली तरी माणूस कळतं. आणि एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या वर्षी या मुलांना कोण सांभाळत होतं? दर तीन महिन्यांनी बाई बदलत असेल तर दोन वर्षांच्या मुलीनं कुणाला आपलं मानायचं? काकू वर्षानुवर्षं तिथेच आहेत, ही त्यांची मोठी बाजू आहे.

समजा काकू या मापावर बऱ्या निघाल्या आणि टीव्हीच तेवढा अडतोय. मग त्यांच्याशी बोला, पण तक्रार घेऊन गेल्यासारखं नको. पाच मुलं एकटीनं सांभाळणाऱ्या बाईसाठी टीव्ही हा तिचा दुसरा हात असतो. तो काढून घ्यायचा तर त्या जागी काहीतरी द्यावं लागेल. दिवसभर बंद ठेवा म्हणण्याऐवजी सकाळचे दोन तास बंद ठेवता येतील का, असं विचारा. सोबत रिकामे डबे, झाकणं, जुन्या कापडांचे तुकडे, एक-दोन चित्रांची पुस्तकं नेऊन द्या. मुलं टीव्हीशिवाय रमतात असं त्यांना स्वतःला दिसलं की दोन तासांचे तीन होतील. त्यांच्याकडे मूल ठेवणाऱ्या आणखी आया असतीलच. तिघी-चौघींनी मिळून खेळण्यांची एक पेटी केली, पैसे ठरल्या तारखेला दिले, काकू आजारी पडल्या तर त्या दिवशी कोण सांभाळणार हे ठरवलं, तर त्यांचाही ताण कमी होईल. सांभाळणारी बाई दमलेली, उसनवारीत अडकलेली असेल तर तिच्याकडून शांत आवाजाची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे, आणि त्याची किंमत शेवटी मुलंच मोजतात. हे मी फक्त तुमच्या काकूंबद्दल म्हणत नाही. जिथे जिथे आपण मूल ठेवतो तिथल्या बाईचा पगार, तिची सुट्टी, तिचा मान हा पालकांचाही विषय आहे.

बोलूनही टीव्ही चालूच राहिला, मुलांची संख्या वाढत गेली किंवा मारल्याची खूण दिसली, तर मायेचा विचार बाजूला ठेवून जागा बदला. मारण्याच्या बाबतीत दुसरी संधी नाही.

मुलगी तीन वर्षांची झाली की एखादी अर्ध्या दिवसाची बालवाडी शोधा, मोफत किंवा कमी फीची, आणि उरलेला दिवस काकूंकडे. पेरीतल्या मुलांचं असंच होतं, अडीच तास तिकडे आणि बाकीचा दिवस ओळखीच्या माणसांत. बालवाडी निवडतानाही तोच तासभर बसण्याचा नियम. तोपर्यंत चौदा महिने हातात आहेत. जादा पाळी न करताही शोधायला ते पुरेसे आहेत.

संध्याकाळसाठी वेगळा 'अभ्यासाचा वेळ' काढू नका, तुम्ही आधीच दमलेल्या असता. कपड्यांच्या घड्या घालताना बाबांचा सदरा कुठला, तिचा कुठला, एवढं बोलणं चालू राहिलं तरी पुष्कळ. ज्या दिवशी तेही जमणार नाही त्या दिवशी तिला कुशीत घेऊन गप्प पडून राहा.

आणि या आठवड्यात एक छोटं काम. मुलगी सध्या कोणते शब्द बोलते ते कागदावर लिहा. मोडके, बोबडे, फक्त तुम्हालाच कळणारे शब्दसुद्धा, आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ. तो कागद काकूंना द्या. म्हणजे ती "आबा" म्हणाली तर तिला आजोबा हवेत की पाणी, हे काकूंना कळेल आणि त्या तिला उत्तर देऊ शकतील.